अकॉर्डियनवर, आर्वीचे अण्णाजी

माणसाने रुसावं, पण रुसण्यालाही काही सुमार असतो. आर्वीच्या अण्णाजींना तो कधी कळला नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. व्याह्यावर रुसले तेव्हा भर पंगतीत भरल्या ताटासमोर उपाशी बसून राहिले. बायकोवर रुसले तर दुकानात जाऊन निजायचे. हे सगळं खपून गेलं, कारण बायको आणि व्याही कुठे पळून जातात? पण अण्णाजी भैय्याजीवर रुसले, आणि तिथे मात्र त्यांनी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

भैय्याजी म्हणजे सुरबहार ऑर्केस्ट्राचा गळा आणि अण्णाजी म्हणजे त्याचा अकॉर्डियन. आर्वी-आष्टी पट्ट्यात तेव्हा गणपती बसला की पहिली सुपारी सुरबहारला जायची. दिवसा भैय्याजी बाजार समितीत कापसाच्या काट्यावर उभे राहायचे, अण्णाजी आपल्या दुकानात बांगड्या-रिबिनी विकायचे. संध्याकाळ झाली की दोघेही इस्त्रीचे शर्ट घालून जुन्या हिंदी सिनेमातले होऊन जायचे.

आणि गोष्टी कोणाच्या करायचे? हिरोइनींच्या नाही बरं का. त्यांना वेड होतं पडद्यामागच्या माणसांचं. कोण्या एका गायकानं म्हणे हातात आलेलं गाणं परत केलं, म्हणाला, हे माझ्या दोस्ताच्या गळ्याचं आहे, त्याले बोलवा. कोण्या संगीतकाराची तब्येत बिघडली, तर ज्याच्याशी त्याचं हाडवैर तोच येऊन त्याचं काम पुरं करून गेला, आणि नाव मात्र आजाऱ्याचंच ठेवलं. खरं-खोटं त्या मुंबईवाल्यांना माहीत. आर्वीच्या टॉकीजसमोर कटिंग चहा पिताना ते सगळं खरंच असायचं. भैय्याजीची सगळ्यात लाडकी गोष्ट एका व्हायोलिनवाल्याची होती. तो दवाखान्यात पडला, आणि गायकानं सांगून टाकलं की माझा माणूस बरा होईपर्यंत मी माईकसमोर उभा राहणार नाही. अख्खा स्टुडिओ म्हणे थांबला. ही गोष्ट सांगताना भैय्याजीचा आवाज दर वेळी भरून यायचा, आणि अण्णाजी दर वेळी तोंड फिरवून विडी पेटवायचे.

"पण एक सांग बे अण्ण्या," भैय्याजी एकदा म्हणाले, "एवढं सारं वाजवते तो माणूस, आन् पडद्यावर त्याचं नाव येते का? हिरोच्या बुटाले पालिश करणाऱ्याचं येईल, त्याचं नाई येत."

"मग तू काय करतं?"

"मी घेतो न. माह्या वाजवणाऱ्याचं नाव मी घेतो."

त्या दिवसापासून रिवाज पडला. मुखडा झाला, मधली म्युझिक सुरू झाली, अकॉर्डियनचा तुकडा आला, की भैय्याजी डाव्या खांद्यावरून मागे वळायचे, हात लांब करायचे आणि माईकमध्ये गरजायचे, "अकॉर्डियनवर, आर्वीचे अण्णाजी!" लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या थांबल्या नाहीत तर अण्णाजी तो तुकडा पुन्हा वाजवायचे, आणि भैय्याजी अंतरा धरून ठेवायचे. घाई कसली? दोस्ताचं कौतुक चालू असताना मधे तोंड घालणारा गायक तो गायक नव्हे, असं त्यांचं मत.

मग कॅसिओ आला. ऑर्केस्ट्राचे मालक ओमप्रकाशसेठ नागपूरहून एक कीबोर्ड घेऊन आले. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार, तिसरं दाबलं की अकॉर्डियन. अण्णाजींना गोड शब्दांत सांगण्यात आलं की आष्टीच्या कार्यक्रमाला गाडीत जागा कमी आहे. अण्णाजी समजले आणि घरी बसले. आष्टीत स्टेजवर चढल्यावर भैय्याजींनी डावीकडे पाहिलं, तिथे कॅसिओवाला पोट्टा उभा. "अण्ण्या कुठं हाय?" त्यांनी विचारलं. जो तो आपापल्या वायरी जोडायला लागला. तेव्हा त्यांनी माईक स्टँडला लावला, खाली उतरले, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने आर्वीला येऊन अण्णाजींच्या दारात उभे राहिले.

"सोडलं बे गाणं," म्हणाले. "चहा टाकाले सांग वहिनीले."

बस्स. एवढंच. अण्णाजींच्या बायकोने, रुख्माबाईंनी, चहा टाकला आणि चुलीपाशी पदरात तोंड लपवून रडल्या. भैय्याजी त्यानंतर गायले नाहीत. लग्नात नाही, गणपतीत नाही, मुलाच्या बारशात नाही. सेठ पाया पडायला आले तरी नाही. अण्णाजींनी किती समजावलं, "अबे, मी नसलो तर काय झालं, तू गा न!" पण ते म्हणायचे, "तुह्या जागेवर दुसरा उभा राहते, ते मले पाहवत नाई."

आता सांगा, असं कोणासाठी कोणी करतं? अण्णाजी याच एका गोष्टीवर जगले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला बांगडीच्या मापाबरोबर ही गोष्ट फुकट मिळायची. "सिनेमातली माणसं तशी होती, म्हणते लोक. होती न. पण आपल्या आर्वीत बी एक हाय," असं म्हणून ते छाती फुगवायचे. लेकरं शिकली, नाही शिकली. दुकान चाललं, नाही चाललं. अण्णाजींना फरक पडायचा नाही. आपल्यासाठी एका माणसाने गळा मिटून घेतला, ही त्यांची आयुष्यभराची कमाई होती.

रिटायर झाल्यावर भैय्याजी मुलाकडे, धनंजयकडे, वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला गेले. दर रविवारी फोन यायचा. "काबे अण्ण्या, जित्ता हायस का?" "तुले पोचवूनच जाईन." मग अर्धा तास जुन्या गोष्टी, तोच व्हायोलिनवाला, तोच स्टुडिओ. रुख्माबाई म्हणायच्या, "बाई वो, हे दोघं एकमेकाईले तेच तेच सांगते आन् तेच तेच ऐकते. थकत कसे नाई?"

असं छान चाललेलं असताना पुतण्या रुपेशने मोबाईल पुढे केला. "काकाजी, हे पाहा, तुमचे भैय्याजी गाऊन राह्यले."

अण्णाजींनी चष्मा पुसून लावला. कुठलासा हॉल, मागे फुगे लावलेले. भैय्याजी जाकीट घालून उभे, एका हातात माईक. गात होते. तेच गाणं, जे सुरबहार दर कार्यक्रमात शेवटाला राखून ठेवायचा. आवाज थकला होता, पण होता भैय्याजीचाच. मुखडा संपला, म्युझिक सुरू झाली, आणि तिच्यात अकॉर्डियन वाजला. तिथेच व्हिडिओ संपला.

"हा बाजा कोण वाजवून राह्यला?" अण्णाजींनी विचारलं.

"कोणी नाई काकाजी, कराओके हाय ते. गाण्याचा ट्रॅक असते, त्याच्यावर आपण फक्त गायचं. क्लब हाय तिकडे रिटायर लोकाईचा."

"अकॉर्डियन वाजला न बे आता."

"हो, पण तो मशीनमधला."

अण्णाजींनी मोबाईल परत दिला आणि दुकानाचं शटर भर दुपारी ओढलं. ज्या मशीनपायी गाणं सोडलं, त्याच मशीनसंग हा माणूस जाकीट घालून गाऊन राह्यला! आणि दर रविवारी फोनवर एका शब्दाने बोलला नाही! दुसऱ्या बाईसंग नवरा दिसल्यावर बाईला काय वाटत असेल, ते त्या दिवशी अण्णाजींना कळलं.

रविवारी फोन वाजला. अण्णाजी त्याकडे पाहत बसले. रुख्माबाई उचलायला गेल्या तर ओरडले, "हात लावू नको!"

"अवो, काय झालं विचारा तरी. माणूस मेला का जगला?"

"माह्यासाठी मेला."

"जीभ झडेल तुमची," म्हणाल्या रुख्माबाई, आणि भांडी आदळत आत गेल्या.

पुढच्या रविवारी वाजला, त्याच्या पुढच्याही. मग एक गंमत झाली. फोन मंगळवारी यायला लागला, शुक्रवारी यायला लागला. कधी सकाळी येऊन दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. अण्णाजी मनात म्हणायचे, भोग आता, पाहू किती गयावया करतो. त्यांना, खोटं कशाला बोला, त्यात थोडं सुखही वाटायचं. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. फोन कमी कमी होत गेले आणि एकदाचे बंद झाले. मग मात्र अण्णाजींना जेवण गोड लागेना. रविवारी ते उगाच फोनचा आवाज वाढवून ठेवायचे. स्वतः लावायचा? छे! चूक त्याची, आणि फोन आपण लावायचा?

शेवटी धनंजयचा फोन आला, तो रुख्माबाईंच्या मोबाईलवर. "काकू, रविवारी क्लबचा वार्षिक कार्यक्रम आहे. बाबा गाणार आहेत. काका आले तर फार बरं होईल. फोनवर सांगण्यासारखं नाही."

अण्णाजींनी याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. बापाला माफी मागायची आहे आणि लाज वाटते, म्हणून लेकाला पुढे केलं. "जातो," ते म्हणाले. "पण असा नाई जात. पेटी काढ वरची."

पेटी म्हणजे अकॉर्डियनची. रुख्माबाईंनी खांद्याच्या पट्ट्यांना तेल चोळलं, भात्यावरची धूळ पुसली. वाजवायच्या दोन पट्ट्या दाबल्या की उठतच नव्हत्या, त्या अण्णाजींनी रॉकेलच्या बोळ्याने मोकळ्या केल्या. मनात सगळं ठरलं होतं. भर स्टेजवर चढायचं, भैय्याजीच्या डाव्या हाताला आपल्या जागेवर उभं राहायचं, आणि म्हणायचं, बंद कर बे ते खोकं. आधी शिव्या, मग गाणं. त्यांना तेवढंच हवं होतं, आपली जागा. एकदा. मग मेलो तरी चालते.

वर्ध्याच्या एसटीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले, खाली ठेवू दिली नाही. कंडक्टर म्हणाला, "बुढेबाबा, काय हाय एवढं त्याच्यात?" अण्णाजी म्हणाले, "माह्यी इज्जत."

पिपरी मेघेच्या मंगल कार्यालयात दुपारपासून गाणी चालू होती. अण्णाजी मागच्या रांगेत, एका बाईंच्या शेजारी बसले. काय तो थाट, अन् काय ती माणसं! एक जण म्हणे, माझं गाणं त्याने का घेतलं. दुसरा म्हणे, मी मागच्या वेळी शेवटी होतो, आज पहिला गाणार. गाणं झालं की गाणारा खाली उतरून आपलाच व्हिडिओ पाहायचा आणि चपला शोधायचा. दुसऱ्याचं ऐकायला कोणी थांबेना. अण्णाजींनी कपाळावर हात मारला. यांच्यात येऊन बसला का रे भैय्याजी तू?

आणि भैय्याजी आले. धनंजयने हात धरून स्टेजवर आणले. वाळून गेले होते, जाकीट खांद्यावर लोंबत होतं. अण्णाजींनी पेटीची कडी काढली. आता उठायचं. पण गाणं सुरू झालं, आणि ते कडीवर हात ठेवून ऐकतच राहिले. गळा काय सोडतो माणसाला! शब्द एकही चुकला नाही. मुखडा संपला. मशीनमधून अकॉर्डियनचा तुकडा सुरू झाला.

भैय्याजी डाव्या खांद्यावरून मागे वळले. हात लांब केला. तिथे एक काळा स्पीकर होता आणि मोकळी भिंत. त्या भिंतीकडे हात करून भैय्याजी माईकमध्ये गरजले, "अकॉर्डियनवर, आर्वीचे अण्णाजी!"

हॉलमध्ये काही लोक हसले, एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाई अण्णाजींकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "दर वेळेस म्हणतात हो. पहिल्या दिवसापासून. तिथे कोणी नसतं, पण नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. ट्रॅक पुढे निघून जातो, अंतरा चुकतो, तरी नाही. बिचारे."

व्हिडिओ कुठे संपला होता ते अण्णाजींना आठवलं. तिथेच, अगदी तिथेच. पुढे थोडंसं जरी कोणी दाखवलं असतं! मशीन खरंच पुढे निघून गेलं होतं, भैय्याजी मागून अंतरा शोधत होते, आणि मागच्या रांगेत अण्णाजी तोंडात रुमाल कोंबून लेकरासारखे रडत होते.

कार्यक्रम संपायच्या आधीच धनंजय त्यांना शोधत आला, पाया पडला. "काका, बाबांना विसरायला होतं. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गाऊ द्या, गाण्याने डोकं जागं राहील. ते तयारच होत नव्हते. मी म्हटलं, बाबा, हे मशीन आहे, इथे दुसरा कोणी माणूस नाही, तेव्हा तयार झाले. गातो आहे हे तुम्हाला सांगायचं म्हणून फोन करायचे आणि बोलता बोलता तेच विसरायचे. तुम्ही उचलेनासे झालात, तर केलेला विसरायचे, पुन्हा करायचे. मग तुमचा नंबर विसरले. मी पण लावला होता काका, तुम्ही उचलत नव्हता."

अण्णाजींनी पेटी उचलली. "चाल, भेटव."

मागच्या खोलीत भैय्याजी खुर्चीवर बसले होते. अण्णाजींना पाहून अदबीने उठायला लागले. "या साहेब, बसा. कुठून आले तुमी?"

तुमी! साहेब! उभ्या जन्मात 'बे' शिवाय ज्याने हाक मारली नाही, तो माणूस साहेब म्हणत होता. अण्णाजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "अबे भैय्या, मी अण्ण्या आहो! अण्ण्या! आर्वीचा!"

भैय्याजी हसले. "मजाक करता राजेहो. अण्ण्याचे केस काळेभोर हाय. पण आर्वीचे आहा का तुमी? मंग तुमाले माहीत असन तो. माहा दोस्त हाय."

आता एकच उपाय उरला होता. अण्णाजींनी पेटी उघडली, पट्टे खांद्यावर चढवले, आणि डावीकडे, थोडं मागे, आपल्या जागेवर उभे राहिले. भाता उघडला आणि तो तुकडा वाजवला. एक पट्टी पुन्हा अडकली, पण तुकडा आला. भैय्याजींनी डोळे मिटले. त्यांचा पाय ठेका धरायला लागला. तुकडा संपला, आणि अण्णाजी थांबले. मशीन थांबत नाही, माणूस थांबतो. गा बे भैय्या. घाई नाई. गा.

भैय्याजींनी श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि मिटलं.

"नाई साहेब," ते म्हणाले, आणि हात जोडले. "माफ करजा. गोड वाजवता तुमी. पण मले जमत नाई. मशीनसंग गातो मी, मशीन काही माणूस नाई. दुसऱ्या माणसासंग उभा राह्यलो, तर अण्ण्याले काय तोंड दाखवू? तो आधीच रुसला हाय माह्यावर. फोन नाई उचलत."

अण्णाजींनी भाता हळूच मिटवला, त्यातून उरलेली हवा निघून गेली.

"तुमी आर्वीले जाता न?" भैय्याजी पुढे वाकले. "त्याले एक सांगजा. म्हणा, तुही जागा खालीच हाय. कोणाले उभं नाई राहू देलं. आन् म्हणा, लय दिवस झाले, आता रुसू नको, येऊन जाजो एक खेप. सांगान न?"

"सांगतो," अण्णाजी म्हणाले.

"इसरसान."

"नाई इसरत, भैय्याजी." जन्मात पहिल्यांदा त्यांनीही 'जी' लावला.

अंधार पडल्यावर ते आर्वीला पोचले. रुख्माबाई ओट्यावरच वाट पाहत होत्या. "झाली का भेट? काय म्हणाले भैय्याजी?"

अण्णाजींनी पेटी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. "निरोप देला हाय," ते म्हणाले.

"कोणाले?"

"अण्णाजीले," ते म्हणाले. "म्हणे, एक खेप येऊन जाजो."

रुख्माबाईंना काही समजलं नाही. त्या येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.